दारू सोडवायची, पण खाट कुठे आहे?

"एकदम सोडली तर जीव जाईल," असं पिणारा म्हणतो, तेव्हा घरातले त्याला बहाणा समजतात. बऱ्याचदा तो बहाणा असतोही. पण पिणाऱ्यांतल्या एका गटाच्या बाबतीत हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या खरं आहे, आणि आपल्याकडची दारूविषयीची सार्वजनिक चर्चा नेमक्या याच खऱ्या भागाला वळसा घालून जाते. बंदी हवी की नको, दुकान शाळेपासून किती मीटरवर असावं, बाटली आडवी की उभी, महसूल किती, यावर आपण वर्षानुवर्षं भांडत आलो. शेवटचा घोट घेतल्यापासून पुढचे सात दिवस त्या माणसाला कोणी, कुठे आणि कशावर ठेवायचं, हे मात्र ज्याच्या त्याच्या घरावर सोडून दिलेलं आहे. ही जबाबदारी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाची आहे. ती तिथे नेऊन ठेवली नाही तर बंदी असो वा परवाना, माणसं मरत राहणार.

हा गट कोणता, ते आधी पाहू. भारतात १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक प्रमाण पेय धरतात. देशी दारू आणि साधी व्हिस्की-रम या दोन्हींच्या बाटलीवर ४२.८ टक्के हा आकडा छापलेला असतो. त्या हिशेबाने एका नव्वदीत सुमारे ३० ग्रॅम आणि १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल जातं. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ते ४० ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे "मी फक्त बिअर घेतो" म्हणत दोन स्ट्राँग रिचवणारा क्वार्टरवाल्याच्या पुढे गेलेला असतो. महिनोन्महिने रोज एक-दोन क्वार्टर घेणारा माणूस धोक्याच्या गटात आला असं समजावं. मात्र मापापेक्षा पक्की खूण सकाळची. उठल्यावर हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं आणि पहिला घोट पोटात गेल्यावर सगळं शांत होतं. हे रोज होत असेल तर शरीर अवलंबून झालेलं आहे. मग तो माणूस कामाला जातो का, शिव्या देतो का, नाल्यात पडतो का, या गोष्टी निदानापुरत्या गौण ठरतात.

असे किती जण असतील? सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. १० ते ७५ वयोगटातले सुमारे २.७ टक्के, म्हणजे जवळपास २.९ कोटी लोक दारूवर अवलंबून आहेत आणि त्यांच्यातल्या ३८ पैकी एकालाच कुठली तरी मदत मिळाली, असं त्यात नोंदवलं आहे. दाखल होऊन उपचार घेतलेला तर १८० मध्ये एक. देशाची ही सरासरी या वयोगटातली १,६०,००० माणसं असलेल्या तालुक्याला लावली तर ४,३०० जण होतात. त्यांतल्या सव्वाशेपर्यंतही मदत पोहोचत नाही.

आता त्या सात दिवसांकडे येऊ. मेंदूत मज्जापेशींना शांत करणारी एक रसायन-व्यवस्था असते, गाबा नावाची, आणि चेतवणारी दुसरी, ग्लूटामेटची. दारू पहिलीला जोर देते, दुसरीला दाबते. रोजच्या दारूत राहायची सवय झालेला मेंदू तोल सांभाळायला पहिलीची धार कमी करतो आणि दुसरीची वाढवतो. अशा मेंदूची दारू अचानक काढून घेतली की शांत करणारं काही उरत नाही आणि चेतवणारी बाजू मोकाट सुटते. सहा ते बारा तासांत हातांना कंप सुटतो, छाती धडधडते, झोप उडते. बारा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते, आयुष्यात कधी आली नसली तरी. दुसऱ्या दिवसाच्या शेवटापासून चौथ्या दिवसापर्यंत डिलिरियम ट्रेमेन्स ही सगळ्यांत वाईट अवस्था येते. ताप, रक्तदाब, घाम चढत जातात. माणसाला वार-वेळ कळत नाही, अंथरुणावर किडे, साप, उंदीर दिसतात, नसलेल्या माणसांशी तो बोलतो. दाखल झालेल्यांपैकी साधारण वीसात एकाचीच गाडी इथवर जाते. पण उपचार नसतील तर अशा रुग्णांतला मृत्यूचा दर जुन्या नोंदींमध्ये तिघांत एकापर्यंत गेलेला आहे. वेळेवर उपचार झाले तर तो पाच टक्क्यांच्या खाली येतो. हा फरक घडवणारी औषधं पन्नास-साठ वर्षं जुनी आहेत आणि जेनेरिकमध्ये मिळतात.

हे सगळं बहुधा अशा ठिकाणी घडतं जिथे कोणी दारूचा विचारच करत नसतं. उदाहरणार्थ अस्थिरोग वॉर्ड. मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेला माणूस दाखल होतो. "दारू घेता का?" या प्रश्नाला बायकोदेखत "कधीतरी" असं उत्तर येतं, तेच केसपेपरवर जातं. तिसऱ्या रात्री तो सलाईन उपटून उठतो, ओरडतो, सिस्टरच्या अंगावर धावतो. नातेवाईक म्हणतात डोक्याला मार लागलाय, वॉर्ड म्हणतो माणूस बिघडला. मग चादरींनी हातपाय बांधले जातात. बांधलेला माणूस सुटण्यासाठी तासन्‌तास धडपडतो, अंगाचं तापमान आणखी चढतं, स्नायू झिजून त्यांतलं प्रथिन मूत्रपिंडात अडकतं. दाखल करताना "रोज किती, शेवटची कधी, सकाळी लागते का" हे तीन प्रश्न रुग्णाला एकटं गाठून विचारले असते तर ही रात्र टळली असती.

दुसरी चूक सलाईनची. अशक्त दिसला की ग्लुकोजची बाटली लावायची, ही आपल्याकडची रीतच झाली आहे, आणि लोकही ती मागून घेतात. सतत पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, जवळजवळ संपलेलं असतं, कारण जेवण सुटलेलं असतं आणि दारूमुळे आतड्यातून ते शोषलं जात नाही. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्च होऊन वेर्निके नावाचा मेंदूचा आजार उफाळू शकतो. गोंधळ, चालताना झोक जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं ही त्याची लक्षणं. नेमकी हीच लक्षणं "अजून उतरली नाही" म्हणून दुर्लक्षिली जातात. वेळ गेली की नवी आठवण साठवण्याची क्षमता बऱ्याचदा कायमची जाते. उपाय साधा आहे: शिरेतून थायमिन, आणि ते ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत. रक्तातली साखर धोकादायक पातळीवर उतरली असेल तर ग्लुकोज थांबवून ठेवू नये, पण थायमिनही विसरू नये. गोळीवर भागत नाही, कारण आतडं ती पुरेशी घेत नाही.

तिसरी चूक चुकीच्या शांत करणाऱ्या औषधांची. ओरडणाऱ्याला गप्प करायला फेनरगन किंवा क्लोरप्रोमाझिन टोचलं जातं. माणूस गप्प होतोही, पण या औषधांनी फिटचा धोका वाढतो. एप्टॉइनवरही भरवसा ठेवला जातो. मिरगीच्या रुग्णाला ती उपयोगी, दारू तुटल्याने येणारी फिट ती रोखत नाही. इथे लागतो बेंझोडायझेपिन हा मेंदू शांत करणाऱ्या औषधांचा गट. यकृत बरं असेल तर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, यकृत बिघडलेलं असेल किंवा वय जास्त असेल तर लोराझेपाम. पहिल्या दिवशी लक्षणं आटोक्यात येतील एवढी पूर्ण मात्रा, मग रोज थोडी कमी करत पाच ते सात दिवसांत बंद. घाबरून पहिल्या दिवशी अर्धवट मात्रा देणं आणि नंतर धसका घेऊन महिनाभर गोळ्या चालू ठेवणं, अशा दोन्ही बाजूंनी गडबड होते. दुसरीतून एका व्यसनाच्या जागी अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांचं दुसरं व्यसन उभं राहतं. मात्रा ठरवायला दहा लक्षणांची, कमाल ६७ गुणांची सिवा नावाची मोजपट्टी आहे. थोड्या प्रशिक्षणाने सिस्टर दर काही तासांनी ती भरू शकते. मानसोपचारतज्ज्ञ शेजारी उभा असावा लागत नाही.

हेच घरात घडलं तर काय होतं? साप दिसतात म्हणणाऱ्याला "बाहेरचं" झालं म्हणून देवऋषीकडे नेलं जातं, आणि नेमक्या त्या अठ्ठेचाळीस तासांत धूर, उपास, मारहाण होते. फिट आली की कांदा फोडून नाकाशी धरतात, चप्पल हुंगवतात, दातांत चमचा घालतात. यांतल्या कशाचाही उपयोग नाही, चमच्याने दात मात्र तुटतात. कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, १०८ला फोन करावा. आणि एक गोष्ट, जी ऐकून आयाबहिणींना राग येईल: ज्याला सकाळी कंप सुटतो किंवा पूर्वी सोडताना फिट आलेली आहे, त्याची बाटली रागाच्या भरात फोडू नये. डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत दारू हळूहळू कमी होऊ द्यावी. त्या घरावर काय गुदरलेलं असतं ते माहीत असूनही हे लिहावं लागतं.

श्रावणाचाही इथे संबंध आहे. गटारीला पिऊन दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बंद ठेवणारे बहुसंख्य लोक अवलंबून नसतात, त्यांना काही होत नाही. त्यांच्यामुळे एक गैरसमज मात्र पसरतो, की श्रावण पाळता येतो तो व्यसनी नव्हे. अवलंबून असलेलेही निग्रहाने श्रावण पाळतात, कंप आणि जागरण सोसून. दर वेळी अशी अचानक तोडातोड झाली की पुढच्या वेळी मेंदू आणखी तीव्रपणे उसळतो, हे वैद्यकशास्त्रात नोंदलेलं आहे. पहिल्या वर्षी फक्त हात थरथरले, तिसऱ्या वर्षी फिट आली, असा तो चढता क्रम. माळ घालणं, शपथ घेणं याला माझा विरोध नाही. वारकरी संप्रदायाने जेवढे पिणारे सोडवले तेवढे कुठल्या सरकारी योजनेने सोडवले असतील असं वाटत नाही. फक्त ज्याला सकाळी लागते त्याने माळ घालायच्या आधी आठवडाभर रुग्णालयात काढावा, एवढं गावातल्या बुवांनी सांगायला लागावं.

सरकारी खाट नाही म्हणून जी पोकळी राहिली ती खासगी व्यसनमुक्ती केंद्रांनी भरली. त्यांत चांगलीही आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे आणि मराठी घरांत व्यसनाकडे आजार म्हणून पाहायला त्याने शिकवलं. पण त्याच नावाखाली कुलपाचा धंदाही चालतो. रात्री चार माणसं गाडी घेऊन येतात, पिणाऱ्याला उचलून नेतात, खोलीत डांबतात, महिन्याचे पैसे आगाऊ घेतात. पहिल्या तीन दिवसांत तिथे डॉक्टर नसतो, म्हणजे जेव्हा लागतो तेव्हाच नसतो. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत. म्हणून अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. साखळीने बांधायला कलम ९५ने पूर्ण मनाई आहे. संमतीशिवाय दाखल करायचं तर कलम ८९ प्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि मुदत ३० दिवसांची. पैसे भरण्याआधी घरच्यांनी नोंदणीचा कागद पाहावा, पहिल्या आठवड्यात रात्री औषध कोण देतं ते विचारावं, रुग्णाला भेटू देतात का ते विचारावं. भेट पंधरा दिवसांनी असं उत्तर आलं तर तिथून परत फिरावं.

"रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" ही भिंतीवरची जाहिरात ज्या घरांना खुणावते ती घरं थकलेली असतात, त्यांना हसण्यात अर्थ नाही. पण त्या पुडीत काय आहे हे कुठे लिहिलेलं नसतं. काही घरांत तर डायसल्फिरमची गोळी कुटून भाजीत घालतात. ही गोळी घेतलेल्याने दारू प्यायली तर अ‍ॅसिटाल्डिहाइड रक्तात साठतं आणि अर्ध्या तासाच्या आत चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेला माणूस यात दगावू शकतो. गोळी बंद केली तरी तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहतो. तिचा खरा गुण आहे धाक. "मी गोळी घेतली आहे, आता पिता येणार नाही," हे माहीत असलेला माणूस दुकानाकडे वळत नाही. नकळत दिलेल्या गोळीत धाक उरत नाही, विष तेवढं उरतं. समजावून, लेखी संमती घेऊन, घरच्या कुणीतरी रोज समोर दिलेली हीच गोळी चांगलं काम करते.

अमली पदार्थांच्या बातम्यांनी आपली भीती भलतीकडे वळवली आहे. २०२४ साली पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यातून एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा, प्रचंड साठा सापडला तेव्हा कित्येक दिवस पहिल्या पानावर तेच होतं, आणि ते योग्यही होतं. पण सोडतानाच्या धोक्याबाबत लोकांच्या मनात उलटा हिशेब बसलाय. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, सोडणारा हाडं मोडल्यागत तळमळतो, बघवत नाही. तरी धडधाकट माणूस त्यात सहसा मरत नाही. त्याला मृत्यू गाठतो तो काही आठवडे सोडल्यावर पुन्हा पूर्वीचीच मात्रा घेतली की, कारण ती पचवण्याची सवय मोडलेली असते. दारू आणि अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या यांच्या बाबतीत तोडण्यानेच जीव जाऊ शकतो. सगळ्यांत सहज मिळणाऱ्या नशेची ही गत आहे.

मार्च २०२०च्या टाळेबंदीत देशभर दुकानं एका रात्रीत बंद झाली तेव्हा हा प्रयोग न ठरवता होऊन गेला. केरळ सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला आणि उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. योग्यच दिली, कारण चिठ्ठीवर लिहायचं औषध दारू नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेली सात माणसं दगावली. त्यांना व्यसनी म्हणून मोकळं होता येतं. पण दुकान बंद करण्याचा अधिकार ज्या प्रशासनाला आहे, त्याच्याकडे बंदीच्या दुसऱ्या दिवशी लागणाऱ्या गोळ्यांचा हिशेब नसावा, हे काही त्या सात जणांचं अपयश नाही. वर्धा १९७०च्या दशकापासून, गडचिरोली १९९३ पासून बंदीत आहे. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठवली गेली. बंदीच्या बाजूच्या आणि विरोधातल्या दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे, त्यावर इथे निवाडा करत नाही. गावातल्या बायकांनी मतदान करून दुकान हटवलं तर तो त्यांचा हक्क आहे. फक्त ज्या दिवशी दुकानाला कुलूप लागतं त्या दिवशी तालुक्यात खाट उघडलेली असली पाहिजे.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात दोन खाटा राखीव. सात दिवसांचा मुक्काम धरला तर वर्षाला सुमारे शंभर रुग्ण होतात. त्या ठेवायच्या पूर्वी फिट किंवा भ्रम झालेल्यांसाठी, वयस्कांसाठी, कावीळ वा जलोदर असलेल्यांसाठी आणि ज्यांच्या घरी सांभाळायला शुद्धीतलं कोणी नाही त्यांच्यासाठी. बाकीच्यांचं घरी भागतं, पण पहिले चार दिवस रोज तपासणी हवी आणि गोळ्या रोजच्या रोज मोजून घरच्या माणसाच्या हाती द्यायला हव्यात. आठवड्याची पट्टी रुग्णाच्या खिशात गेली आणि त्याने वरून दारू घेतली, तर श्वास बंद पडू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दहा प्रश्नांची चाचणी आहे, ४० पैकी २० किंवा जास्त गुण आले तर अवलंबित्वाची शक्यता मोठी. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने ती भरून घ्यावी आणि रुग्णाला पुढे पाठवावं. आशाताईवर हे आणखी एक ओझं टाकू नये, तिच्या डोक्यावर आधीच पुरे आहे.

"बेवड्यांवर सरकारी पैसा का?" हा प्रश्न येणारच. जून २०२५ मध्ये राज्याने मद्यावरचं शुल्क वाढवलं तेव्हा वर्षाला १४,००० कोटींचं जादा उत्पन्न मिळेल असा अंदाज दिला होता. ते पैसे येतात पिणाऱ्यांच्या खिशातून, खरं तर त्यांच्या घरच्या डाळ-तांदळातून. त्यातला नगण्य वाटा त्यांच्याच उपचाराला मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: "हे लोक पुन्हा पितातच, मग उपयोग काय?" पुष्कळ जण पितात, हे खरं. सात दिवसांच्या उपचाराने व्यसन जात नाही, तो फक्त सोडण्याचा सुरक्षित आरंभ आहे. पुढे निदान वर्षभर औषध आणि भेटी लागतात. इथेही व्यवहार पाहावा लागतो. दारूची ओढ कमी करणारं अ‍ॅकॅम्प्रोसेट उत्तम, पण दिवसाला सहा गोळ्या, त्याही तीन वेळा. ऊसतोडीला किंवा बांधकामावर जाणारा त्या घेणार नाही. त्याला नाल्ट्रेक्झोनची रोज एकच गोळी जास्त झेपते, यकृत तपासून. यकृत खराब असेल तर बॅक्लोफेनचा विचार होतो. सोबत गावाजवळची अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची सभा, आणि अडलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ किंवा नशामुक्तीचा १४४४६ हा क्रमांक. पुन्हा प्यायला म्हणून ज्याला हाकलून दिलं जातं तो पुढच्या वेळी फिट येईपर्यंत परत येत नाही. मधुमेहाचा रुग्ण दिवाळीत गोड खाऊन आला तर त्याचं इन्सुलिन कोणी बंद करत नाही.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्यावर लोकप्रतिनिधीही असतात. दारूबंदीचा ठराव करणाऱ्या गावांनी आणि त्याला विरोध करणाऱ्यांनीही पुढच्या बैठकीत लेखी विचारावं: थायमिनची इंजेक्शनं आज किती शिल्लक आहेत, क्लोरडायझेपॉक्साइड आणि लोराझेपाम भांडारात आहे का, दाखल करताना दारूचे तीन प्रश्न केसपेपरवर छापलेले आहेत का, आणि रात्री दोन वाजता सिवा कोण भरतं?